विंडोज ११ टाकल्यावर फोटोंची घडी विस्कटली तर: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि घरचे, स्टुडिओतले बरेच कॉम्प्युटर विंडोज ११वर गेले. त्यानंतर फोटोंच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांत फोटो शाबूतच असतात. बिघडलेलं असतं ते फोटो आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी: पत्ता, परवानगी, ड्रायव्हर, रंगाचं प्रोफाइल किंवा फॉन्ट. खरं नुकसान होतं ते नंतरच्या घाईत. पिक्चर्स फोल्डर रिकामा दिसला म्हणून कुणी नवे फोटो त्यात ओतायला लागतं. फोटोशॉप उघडत नाही म्हणून कुणी ते काढून टाकतं, आणि मग जुन्या आवृत्तीचं लायसन्स पुन्हा चालूच होत नाही. कुणी सरळ दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतं.

म्हणून पहिला नियम हाच: पहिल्या दिवशी काहीही डिलीट करायचं नाही, काहीही अनइन्स्टॉल करायचं नाही. जुनी विंडोज सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते आणि १० दिवस मागे जाण्याची सोय असते. दहा दिवसांनंतर विंडोज तो फोल्डर स्वतःच पुसते. अपग्रेड कोणत्या तारखेला केलं ते कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवा. पुढची सगळी तपासणी या मुदतीत संपवायची आहे.

एक काम मात्र लगेच करा. नव्याने टाकलेल्या विंडोज ११मध्ये, विशेषतः २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊ शकते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडून डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली, तर त्या ४८ अंकांशिवाय एकही फोटो उघडणार नाही.

फोटो गेले कुठे?

सगळ्यात जास्त घबराट इथेच होते, आणि कारण बहुतेक वेळा वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड साठवण, असतं. सेटअप करताना एखादा पडदा ‘फोल्डरचा बॅकअप घ्यायचा का’ असं विचारतो. तिथे ‘पुढे’ दाबलं गेलं की पिक्चर्स, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलतात. आधी पत्ता होता यूजर्स, तुमचं नाव, पिक्चर्स. आता झाला यूजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, पिक्चर्स. फोटो तेच, पण लाइटरूमला (फोटो लावण्या-सुधारण्याचं अडोबीचं सॉफ्टवेअर) किंवा अल्बमच्या सॉफ्टवेअरला जुनाच पत्ता माहीत असतो. शिवाय वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. एका लग्नाचं ६४ जीबीचं कार्ड त्यात मावणं शक्य नाही. मग सिंक, म्हणजे फाइली क्लाउडशी जुळवणं, मध्येच अडकतं, काही फोटो वर गेलेले, काही खाली राहिलेले, अशी अवस्था होते.

फोटोंच्या नावाशेजारी निळा ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, फक्त तिची चिठ्ठी आहे. नेट बंद असताना ती उघडणार नाही. यातून बाहेर पडण्याचा क्रम चुकवू नका:

१. वनड्राइव्हमधल्या पिक्चर्स फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. सगळ्या फाइलींवर हिरव्या भरीव गोलात पांढरी खूण येईपर्यंत थांबा. आधी सी ड्राइव्हवर तेवढी जागा आहे ना, ते बघा.

२. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा. तिथून वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये, सिंक अँड बॅकअपखाली, मॅनेज बॅकअप उघडून पिक्चर्सचं बटण बंद करा. बंद करताना फाइली कुठे ठेवायच्या असं विचारलं, तर कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय घ्या.

३. फोटो तरीही वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिले असतील तर ते डी ड्राइव्हवर कॉपी करा. कट करू नका. दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळला की मगच पुढे जा.

वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही जातो, फोनवरच्या वनड्राइव्हमधूनही. चुकून गेलाच, तर वैयक्तिक खात्याच्या वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये तो ३० दिवस सापडतो.

दुसरं कारण म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. विंडोज नव्याने टाकली की डी ड्राइव्हचा ई होऊ शकतो, बाहेरच्या हार्डडिस्कचं एफ अक्षर जी होऊ शकतं. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या भागावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ने जुनं अक्षर परत द्या. ते अक्षर कार्ड रीडरने किंवा डीव्हीडीने बळकावलं असेल तर आधी त्यांना झेड, वाय असं शेवटचं एखादं अक्षर द्या. सी ड्राइव्हच्या अक्षराला हात लावायचा नाही. या एका कामाने लाइटरूम, पिकासा (गूगलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर) आणि अल्बमचं सॉफ्टवेअर एकदम ताळ्यावर येतं, म्हणून हे काम प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळी दुरुस्ती करत बसण्याच्या आधी करा.

तिसरं, फोल्डर दिसतो पण उघडताना ‘परवानगी नाही’ असं येतं. जुन्या विंडोजमधल्या खात्याची मालकी त्या फोल्डरवर राहिलेली असते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, तिथे ॲडव्हान्स्ड, वर ‘ओनर’समोर चेंज दाबून तुमचं आत्ताचं खातं द्या आणि आतल्या सगळ्या फोल्डरांना तेच लागू करण्याची खूण करा. हे फक्त फोटोंच्या फोल्डरवर करा. संपूर्ण सी ड्राइव्हवर केलं तर विंडोजच बिघडेल.

फोटो उघडतो पण सेव्ह होत नाही, असंही होतं. तेव्हा विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात रॅन्समवेअर प्रोटेक्शन पाहा. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ कुणी चालू केलेलं असेल तर ओळखीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरला पिक्चर्समध्ये लिहूच देत नाही. ते बंद करण्यापेक्षा ‘अलाउ ॲन ॲप’मधून तुमच्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. स्टुडिओच्या मशीनवर हे कुलूप असलेलं चांगलंच.

लाइटरूमची प्रश्नचिन्हं

लाइटरूम क्लासिक फोटो स्वतःत ठेवत नाही. त्याच्या कॅटलॉगमध्ये फक्त फोटोचा पत्ता आणि तुम्ही केलेले बदल असतात. पत्ता बदलला की फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. इथे एक चूक फार महागात पडते: फोटो दिसत नाहीत म्हणून ते पुन्हा इम्पोर्ट करणं. मग तेच फोटो दुसऱ्यांदा येतात, कोरे, कसलंही एडिटिंग नसलेले. जुनी नोंद ‘रिमूव्ह’ केली असेल तर महिनाभराचं काम कॅटलॉगमधून गेलं.

बरोबर पद्धत अशी: डाव्या पट्टीत फोल्डरवर राइट क्लिक करून आधी ‘शो पॅरेंट फोल्डर’ घ्या, म्हणजे सगळ्या वर्षांचे फोल्डर एका मोठ्या फोल्डरखाली दिसतील. मग त्या मोठ्या फोल्डरवर ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ करून नवी जागा दाखवा. एकदाच दाखवलं की आतले सगळे जुळतात. एकेक छोटा फोल्डर जुळवत बसण्याची गरज नाही.

कॅटलॉगची फाइल वनड्राइव्हमध्ये राहू देऊ नका. लाइटरूम चालू असताना ती फाइल क्षणोक्षणी बदलते आणि सिंक तिला मध्येच पकडतं. कॅटलॉग खराब होण्याचं हे अगदी खात्रीचं कारण आहे. लाइटरूम बंद करून कॅटलॉगचा पूर्ण फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून कॅटलॉगच्या फाइलवर डबल क्लिक करून उघडा. उघडताना ‘कॅटलॉग खराब आहे’ असं आलं तर बॅकअप्स फोल्डरमध्ये तारखेवार झिप असतात. शेवटची चांगली झिप वेगळ्या जागी उघडून पाहा, मूळ फाइलवर लिहू नका.

फोटोशॉप उघडत नाही किंवा मध्येच बंद पडतं

अपग्रेडनंतर दुसऱ्याच दिवशी ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ आलं तर कारण सोपं आहे. विंडोज डॉट ओल्डने सी ड्राइव्हवर कित्येक जीबी जागा अडवलेली असते आणि फोटोशॉप तात्पुरत्या कामासाठी तीच जागा मागतं. रागाने तो फोल्डर पुसू नका, मागे जायचा रस्ता तोच आहे. फोटोशॉप सुरू करतानाच कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा. स्क्रॅच डिस्क निवडायची खिडकी येईल, तिथे डी ड्राइव्ह द्या.

कॅनव्हास काळा पडतो, ब्रश मागे राहतो, लिक्विफाय उघडताच सगळं बंद होतं, अशा तक्रारी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसत असेल तर कार्डाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर घ्या. एनव्हिडिया असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर निवडा आणि टाकताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण करा. दोष ड्रायव्हरचाच आहे का, याची खात्री अशी करता येते: फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. आता सुरळीत चाललं तर दोष तिथेच. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे फोटोशॉपला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. अपग्रेडमध्ये ही निवड पुसली जाऊ शकते.

प्रेफरन्सेस रीसेट करणं हा उपाय सगळेच सांगतात: सुरू करताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून धरायचे. उपाय खरा आहे, पण त्यात सेव्ह न केलेल्या ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायच्या कृती) जाऊ शकतात. वर्षानुवर्षं जमवलेल्या ॲक्शनवर ज्यांचं अल्बमचं काम चालतं, त्यांनी आधी कॉपी घ्यावी. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स चालू करा. मग यूजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, रोमिंग, अडोबी असं आत जा. तिथला तुमच्या आवृत्तीचा फोटोशॉपचा पूर्ण फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करा. मग रीसेट करा.

जुन्या फोटोशॉप सीएस६वाल्यांसाठी एक खास अडचण. २०१८मधल्या विंडोज १०च्या एका अपडेटपासून परफॉर्मन्सची खिडकी उघडताच ‘९६ आणि ८च्या मधली पूर्ण संख्या हवी’ असा अर्थहीन वाटणारा संदेश येतो. मशीनमधली रॅम किती, हे फोटोशॉपला नीट वाचता येत नाही म्हणून हे होतं. उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, आहे, आणि तिथे हात घालण्याआधी फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टने रजिस्ट्रीची प्रत घ्या. रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट यूजर, सॉफ्टवेअर, अडोबी, फोटोशॉप, ६०.० इथे जा. ३२ बिटची नवी डीवर्ड व्हॅल्यू बनवा. तिचं नाव ओव्हरराइड, फिजिकल, मेमरी आणि एमबी हे चार शब्द इंग्रजीत सलग लिहून होतं. मध्ये जागा नको, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, एमबीची दोन्ही मोठी. मूल्य डेसिमलमध्ये द्या: ८ जीबी रॅमला ८०००, १६ जीबीला १६०००. सीसीच्या पहिल्या आवृत्तीसाठी ६०.०च्या जागी ७०.०, सीसी २०१४साठी ८०.० आणि सीसी २०१५साठी ९०.०.

सीएस२, सीएस३सारख्या आवृत्त्यांचे सक्रियण सर्व्हर कंपनीने बंद केलेले आहेत. अशी आवृत्ती अपग्रेडनंतर चालत असेल तर तिला अजिबात हलवू नका. आणि क्रॅक केलेल्या फोटोशॉपच्या फाइली विंडोजच्या अँटिव्हायरसने उचलून नेल्या असतील, तर अँटिव्हायरस बंद करणं हा उपाय नव्हे. ज्या मशीनवर लोकांच्या घरचे फोटो आहेत, ते मशीन उघडं टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

‘चि.’ची वेलांटी पुढे गेली

अल्बम आणि पत्रिका करणाऱ्यांना ही अडचण सगळ्यात जास्त छळते. हिची कारणं तीन आहेत, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आधी काय बिघडलंय ते नीट बघा.

अक्षरं मराठीच आहेत पण ‘चि.’ची वेलांटी च च्या पुढे जाऊन बसली, ‘सौ. कां. कीर्ती’मधला रफार सुटला, ‘श्री’चे तुकडे झाले, तर फॉन्ट ठीक आहे. प्रेफरन्सेस रीसेट केल्यामुळे फोटोशॉपचं मजकुराचं इंजिन मूळ स्थितीवर गेलं आहे. सीएस६ आणि त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा. काही आवृत्त्यांत हाच पर्याय ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ या नावाने असतो. फोटोशॉप बंद करून उघडा. एवढं करूनही जुन्या पीएसडीतले (फोटोशॉपच्या फाइलींतले) थर सुधारत नाहीत, कारण प्रत्येक मजकुराचा थर आपली जुनी निवड धरून बसतो. तो थर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर द्या. सीएस५ आणि त्याआधीच्या साध्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट जुळतच नाही. तिथे अपग्रेडला दोष देण्यात अर्थ नाही.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचं काम आहे आणि तो फॉन्ट हरवला आहे. अशा फॉन्टमध्ये ‘क’ म्हणून साठवलेलं असतं ते कॉम्प्युटरच्या लेखी एखादं इंग्रजी अक्षर. फॉन्ट बदलण्याचा पर्याय समोर आला तरी हो म्हणू नका, फाइल सेव्ह न करता बंद करा. आता फॉन्टची फाइल शोधून तिच्यावर राइट क्लिक करा आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. हे शब्द महत्त्वाचे. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून साधं ‘इन्स्टॉल’ केलं की फॉन्ट फक्त त्या खात्यापुरता, ॲपडेटामधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो. वर्डला तो दिसतो, पण कित्येक जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाही. ‘फॉन्ट टाकला तरी येत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. या फॉन्टमध्ये टाइप करताना विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर चौकोन उमटतील.

तिसरं कारण म्हणजे फॉन्ट त्या विंडोजमध्ये नसणंच. मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे फॉन्ट आता मूळ संचात येत नाहीत, तिथे निर्मला यूआय असतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, तिथे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधून टाका, चौघेही परत येतात. आणि विंडोजबरोबर फोटोशॉपही नवं घेतलं असेल तर एक लक्षात ठेवा: टाइप १ म्हणजे जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा आधार फोटोशॉपने २०२१मध्ये, २३व्या आवृत्तीत सोडला. ते फॉन्ट कितीही वेळा टाकले तरी दिसणार नाहीत. विक्रेत्याकडून त्यांचं ओपनटाइप रूप घ्या. तोपर्यंत जुन्या फाइलींतला मजकूर जुन्या फोटोशॉपमध्येच उघडून त्याचे आकार करून ठेवा.

पिवळे पांढरे आणि बदललेले रंग

फोटोज ॲपमध्ये पांढरं पिवळसर दिसतं, पण ब्राउझरमध्ये तोच फोटो ठीक दिसतो. कारण विंडोजने मॉनिटरचं चुकीचं रंग-प्रोफाइल धरलं आहे. स्टार्टमध्ये ‘कलर मॅनेजमेंट’ शोधा, वरच्या यादीत तुमचा मॉनिटर निवडा, ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’ची खूण करा, ॲड दाबून एसआरजीबी या सर्वसाधारण मानकाचं प्रोफाइल घ्या आणि ते डिफॉल्ट करा. पिवळेपणा गेला तर निदान पक्कं झालं. घरच्या वापराला एवढं पुरतं. छपाईचं काम करणाऱ्यांनी मात्र कॅलिब्रेटरने (स्क्रीनचे रंग मोजणाऱ्या यंत्राने) मॉनिटर पुन्हा मोजावा, कारण एसआरजीबी हे तुमच्या मॉनिटरचं मोजमाप नव्हे.

मोजण्याआधी डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी बंद करा: नाइट लाइट, एचडीआर, आणि लॅपटॉपवर ब्राइटनेसच्या खाली दडलेलं ‘पडद्यावर जे दिसतंय त्यानुसार उजेड बदला’ अशा अर्थाचं सेटिंग. हे तिसरं सगळ्यात घातक. गडद फोटो उघडला की स्क्रीनचा उजेड आपोआप बदलतो, आणि आपण फोटोच बदलत बसतो.

छपाई, स्कॅनर, डोंगल

प्रिंटर चालतो पण कागदाचा प्रकार आणि बॉर्डरलेस हे पर्याय गायब झाले, तर विंडोजने कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला आहे. प्रिंटर यादीतून काढा, कंपनीच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर घ्या, तो मागेल तेव्हाच यूएसबी वायर जोडा. प्रिंट लालसर किंवा गुलाबी आली तर रंगांची दुरुस्ती दोनदा होते आहे. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत रंग फोटोशॉपने सांभाळायचे असं ठरवलं असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद हवी. नवा ड्रायव्हर आला की ती पुन्हा चालू झालेली असते.

जुना स्कॅनर फोटोशॉपच्या इम्पोर्ट मेनूत दिसत नाही, कारण त्याचा ट्वेन (स्कॅनरला सॉफ्टवेअरशी जोडणारा) ड्रायव्हर ३२ बिटचा आणि फोटोशॉप ६४ बिटचं. स्कॅनरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून टिफमध्ये स्कॅन करा आणि मग फोटोशॉपमध्ये उघडा. कंपनीने ड्रायव्हरच बंद केला असेल तर व्ह्यूस्कॅन हे सशुल्क सॉफ्टवेअर शेकडो जुने स्कॅनर चालवतं. घ्यायच्या आधी त्याची चाचणी आवृत्ती लावून बघा.

अल्बमच्या सॉफ्टवेअरचं किंवा श्रीलिपीचं यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची छोटी किल्ली, ओळखलं जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन उघडा. मेमरी इंटेग्रिटी जुन्या ड्रायव्हरना अडवते. अडवलेल्यांची यादी तिथेच मिळते. डोंगल कोणत्या बनावटीचं ते पाहून त्याचा नवा ड्रायव्हर टाका. हास्प किंवा सेंटिनल असेल तर तो थालेस कंपनीकडे मिळतो. मेमरी इंटेग्रिटी बंद करणं हा शेवटचा उपाय, आणि तोही नवा ड्रायव्हर मिळेपर्यंतच.

आयफोनचे फोटो, छोटी चित्रं, पिकासा

आयफोनचे एचईआयसी फोटो उघडत नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स’ टाका, ते मोफत आहे. तरीही उघडले नाहीत तर ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ही लागतं, आणि ते सहसा विकत घ्यावं लागतं. वायरने फोटो घेताना मध्येच ‘डिव्हाइस चालत नाही’ असा संदेश येत असेल, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर सर्वात खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींची छोटी चित्रं दिसण्यासाठी स्टोअरमधलं ‘रॉ इमेज एक्स्टेन्शन’ मोफत आहे. सगळ्याच फोटोंच्या जागी नुसती चिन्हं दिसत असतील तर फाइल एक्स्प्लोररच्या ऑप्शन्समध्ये, व्ह्यूखाली, ‘ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ची खूण काढा.

फोटोज ॲप स्वतःच उघडत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, फोटोजच्या तीन टिंबांवरून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे आधी ‘रिपेअर’. त्याने भागलं नाही तरच ‘रीसेट’. जुन्या ॲपमधली एखादी सोय हवी असेल तर स्टोअरमध्ये ‘फोटोज लेगसी’ आहे.

पिकासाचा आधार मार्च २०१६मध्ये संपला, तरी घरोघरी ते अजून चालतं. पिकासातले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या पिकासा डॉट आयएनआय फाइलीत आणि मूळ फोटो पिकासा ओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. फोल्डर ‘साफ’ करताना हे पुसू नका. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं ॲपडेटा, लोकल, गूगल इथल्या पिकासा२ आणि पिकासा२अल्बम्स या दोन फोल्डरांत असतात, त्यांची प्रत घेऊन ठेवा. पिकासासाठी ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवणं फार गरजेचं आहे.

मॅकवर असाल तर

२०१९च्या कॅटालिनापासून, म्हणजे १०.१५पासून, मॅकवर ३२ बिटची सॉफ्टवेअर चालत नाहीत आणि ॲपर्चर हे ॲपलचं जुनं फोटो सॉफ्टवेअरही उघडत नाही. ॲपर्चरची लायब्ररी फोटोजमध्ये आणायची असेल तर मोहावी किंवा त्याआधीची सिस्टिम असलेला मॅक शोधून तिथेच ते काम करा. फोटोजची लायब्ररी बिघडली असेल तर कमांड आणि ऑप्शन दाबून धरत फोटोज उघडा, दुरुस्तीचा पर्याय येतो. टाइम मशीनचा बॅकअप आधी हवा. नव्या फोटोजने बदललेली लायब्ररी जुन्या मॅकओएसवर पुन्हा उघडत नाही. लाइटरूमला फोल्डर दिसत नसेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली फाइल्स अँड फोल्डर्स किंवा फुल डिस्क ॲक्सेसमध्ये त्याला परवानगी द्या. ॲपल चिपवर जुने प्लगइन दिसत नसतील तर फोटोशॉपच्या गेट इन्फोमध्ये ‘ओपन यूझिंग रोझेटा’ची खूण करून पाहा. अपग्रेडनंतर पहिले दोनतीन दिवस मॅक तापतो, कारण फोटोज सगळे फोटो पुन्हा तपासत असतो. ॲप बंद करून रात्रभर चार्जरला लावून ठेवा.

आठव्या दिवशी निर्णय

डोंगल, प्रिंटर किंवा रोजीरोटीचं सॉफ्टवेअर आठव्या दिवसापर्यंत रुळावर आलं नसेल तर मागे जा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. फोटो राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात, म्हणून कॅटलॉग आणि ॲक्शनची ताजी प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज १०वर परतल्यावर घरगुती वापरासाठीच्या विस्तारित सुरक्षा अपडेट्सना नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा मिळते. तेवढ्यात जुन्या सामानाचा बंदोबस्त करता येतो.

सगळं नीट चाललं आणि जागा मोकळी करायची असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स उघडून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ची खूण करा. पुसण्याचं बटण दाबण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत वाचा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. तिथे खूण असेल तर ती काढा, कारण गिऱ्हाइकांनी लिंकवरून पाठवलेले फोटो बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात.